कसं लागलं?

"पडला."

केसपेपरवर एवढंच लिहिलेलं होतं. तेही इंग्रजीत, आणि त्याच्या आधी आम्हा डॉक्टरांच्या सवयीचा एक शब्द, ज्याचा अर्थ होतो 'असं सांगितलं जातं की'. मुलगा पडला, असं सांगितलं जातं. वय ४ वर्षं. उजव्या कोपराच्या वर हाड मोडलेलं. कुठून पडला, कशावर पडला, पडण्याआधी काय करत होता, यातलं काही नाही. त्याखाली मात्र पानभर मजकूर होता. बोटं हलतायत का, मनगटाजवळची नाडी लागते का, एक्स-रे कुठल्या बाजूनं काढला, भूल कोणी दिली, हाडात तारा किती घातल्या. पडल्यानंतरचं सगळं त्या कागदावर होतं. पडण्याआधीचं काहीच नव्हतं.

मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसले होते. लोखंडी मांडण्या, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, वर फिरणारा आणि वारा न देणारा पंखा. तिथले मामा तीसेक वर्षं हे गठ्ठे सांभाळतायत. (सरकारी हॉस्पिटलात सगळे पुरुष कर्मचारी मामा असतात आणि सगळ्या बायका मावशी. आडनावं फक्त पगाराच्या यादीत.) जुने कागद मागायला त्यांच्याकडे माणसं येतात ती दोनच कामांसाठी, कोर्ट नाहीतर विमा.

"पोलीस केस आहे का, मॅडम?"

"नाही मामा, थिसिस."

"मग सावकाश बघा," असं म्हणून त्यांनी मला टेबलाची बरी बाजू दिली.

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करते. पूर्वी याला पीएसएम म्हणायचे, अजूनही म्हणतात. नातेवाईक विचारतात, "म्हणजे पेशंट तपासत नाहीस का?" तर मी आकडे तपासते. विद्यापीठाला प्रबंधाचा आराखडा पाठवायचा होता आणि माझा विषय होता, गेल्या पाच वर्षांत आमच्या हॉस्पिटलात आलेल्या मुलांच्या दुखापती. जुन्या नोंदी काढायच्या, त्यांचा डेटा करायचा, त्याचं विश्लेषण करायचं. गाइड मॅडमनी विचारलं, "हाच विषय का?"

मी तयारीचं उत्तर दिलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २००८ चा अहवाल आहे. त्यात म्हटलंय की जगात दरवर्षी सुमारे ८ लाख ३० हजार मुलं अपघाती दुखापतींनी मरतात. रोज दोन हजारांहून जास्त. गोवर-पोलिओसारखी यावर लस नाही, पण यातल्या बऱ्याच दुखापती टाळता येतात.

मॅडमना पटलं. मी त्यांना माझ्या डाव्या हाताबद्दल काही सांगितलं नाही.

माझ्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत आणि थोडं पाठीवर भाजल्याचा व्रण आहे. मी अडीच वर्षांची होते. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. घरात या गोष्टीची दोन वाक्यं ठरलेली होती: "सकाळी कडकडीत पाणी अंगावर पडलं. आईचं लक्ष नव्हतं." ही वाक्यं कधी सुटी ऐकली नाहीत. आजी म्हणायची, बाबा म्हणायचे, लग्नकार्यात माझा हात बघून विचारणाऱ्या बायकांना आत्या सांगायची. आजी कधीकधी पुढे "दृष्टच लागली पोरीला" असंही जोडायची. ती भारी कडक होती. बाराही महिने गार पाण्यानं आंघोळ करायची, आणि ते आम्हाला तिच्या देवधर्मातलंच काहीतरी वाटायचं. आई यावर कधीच काही बोलायची नाही. विषय निघाला की चहा ठेवायला उठायची.

आठवीत स्लीव्हलेस ड्रेसवरून आमचं भांडण झालं, तेव्हा मीही ते वाक्य वापरलं. "तुझं लक्ष असतं तर मला हे घालता आलं असतं." त्या दिवशीही आई चहा ठेवायला उठली.

*

आराखडा लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीला मॅडमनी लाल पेन लावलं. मी लिहिलं होतं, 'जिल्ह्यातल्या मुलांमध्ये दुखापतींचं प्रमाण काढणे.'

"प्रमाण म्हणजे वर अंश, खाली छेद. छेद कुठंय तुझ्याकडे?"

छेद नव्हता. आमच्याकडे फक्त आलेली मुलं होती. किती मुलांमधून ती आली, हे हॉस्पिटलच्या रजिस्टरला माहीत नसतं. ज्याच्या खिशाला परवडतं तो खाजगीत जातो. चटका छोटा असेल तर पोर घरीच राहतं. आणि विहिरीत, शेततळ्यात बुडालेलं मूल बऱ्याचदा हॉस्पिटलच्या वॉर्डापर्यंत पोचतच नाही. नुसते वॉर्डाचे कागद बघून कोणी म्हणेल, या भागात मुलं बुडत नाहीत, पडतात फक्त.

जोसेफ बर्कसन नावाच्या अमेरिकी डॉक्टर-संख्याशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये हे नीट मांडून दाखवलं. हॉस्पिटलात येणारी माणसं एका चाळणीतून आलेली असतात. ती चाळणी विसरून आकडेमोड केली, तर जिथं काहीच संबंध नाही तिथंही संबंध दिसायला लागतात. आजही याला 'बर्कसनचा दोष' म्हणतात. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'हॉस्पिटलात आलेल्या मुलांच्या दुखापतींचं स्वरूप तपासणे.' उद्देश एकदम लहान दिसायला लागला, पण निदान खरा तरी होता.

मग 'मूल' म्हणजे कोण? कायद्यानं १८ वर्षांखालचं. जनगणनेच्या तक्त्यांत पाच-पाच वर्षांचे गट. आमच्या हॉस्पिटलात मुलांचा वॉर्ड १२ वर्षांपर्यंत. तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला की तो मोठ्या पुरुषांच्या वॉर्डात, हर्निया आणि मुतखड्याच्या पेशंटच्या मधल्या खाटेवर. मी फक्त मुलांच्या वॉर्डाचं रजिस्टर काढलं असतं, तर ही सगळी मोठी मुलं गायब झाली असती आणि माझा निष्कर्ष आला असता, 'बारा वर्षांनंतर दुखापती एकदम कमी होतात.'

वयाचीही गंमत असते. रजिस्टरात ५ आणि १० वर्षांची मुलं जरा जास्तच असतात. रात्री अडीच वाजता रडणारं पोर काखेत घेऊन आलेल्या आजोबांना कोणी वय विचारलं, की ते "असेल पाचेक" म्हणतात आणि ५ लिहिलं जातं.

वेळेचं त्याहून अवघड. प्रत्येक नोंदीपुढे वेळ आहे, पण ती हॉस्पिटलात आल्याची. सकाळी सहाला भाजलेलं मूल आधी गावातल्या डॉक्टरकडे, तिथून तालुक्याला, तिथून आमच्याकडे येतं आणि रजिस्टरात लागतं दुपारी एक. या वेळांवरून 'मुलं कुठल्या वेळी भाजतात' असा आलेख काढला असता, तर तो खरं म्हणजे एसटी आणि अॅम्ब्युलन्सच्या वेळांचा आलेख झाला असता.

आणि एकच मूल चार ठिकाणी असतं. कॅज्युअल्टीचं रजिस्टर, पोलिसांना कळवायच्या केसेसचं वेगळं रजिस्टर, वॉर्डाचं रजिस्टर, नंतर ड्रेसिंगला येतं ती ओपीडी. एक दुखापत, चार ओळी. ती जुळवायची तर नाव लागतं. पण एथिक्स कमिटीकडून जुने कागद बघायची परवानगी मिळते, ती नावं न उतरवण्याच्या अटीवर. शेवटी ठरलं की जुळवणी नोंदणी क्रमांकावरून तिथंच बसून करायची, मग प्रत्येक मुलाला नवा क्रमांक द्यायचा आणि जुना पुसायचा. गावाचं नावही घ्यायचं नाही, फक्त तालुका. दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'विजेच्या तारेनं भाजलेली सात वर्षांची मुलगी' एवढं पुरतं, नाव वेगळं लिहावं लागत नाही.

*

यानंतर कोड. जगभरात आजार आणि दुखापती नोंदवायला आयसीडी नावाची वर्गवारी वापरतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक दुखापतीला दोन कोड लागतात. एक, शरीराला काय झालं याचा. दुसरा, ते कशामुळे झालं याचा. पडणं 'डब्ल्यू' अक्षरात, चटके आणि आग 'एक्स' अक्षरात. शेवटच्या आकड्यावरून जागा कळते. शून्य म्हणजे घर, दोन म्हणजे शाळा, चार म्हणजे रस्ता, सात म्हणजे शेत, नऊ म्हणजे जागा नोंदवलेली नाही.

सरावासाठी मी पन्नास केसपेपर काढले. पहिला कोड बहुतेक ठिकाणी पटकन देता आला. दुसऱ्याला मात्र मी सारखी एकाच ओळीवर यायला लागले, डब्ल्यू १९.९. अनिर्दिष्ट पडणं, अनिर्दिष्ट जागी. म्हणजे "पडला".

भाजलेल्या मुलांपाशी वेगळीच अडचण आली. गरम पाण्याला दोन कोड आहेत. एक्स ११ म्हणजे नळाचं गरम पाणी, त्यात बादलीतलं आणि टबातलं पाणीही धरलंय. एक्स १२ म्हणजे इतर गरम द्रव, आणि शेगडीवर तापवलेलं पाणी यात येतं. आता आपल्याकडे पाणी तापतं गॅसवर किंवा चुलीवर, मग ते ओततात बादलीत, आणि मूल भाजतं त्या बादलीशी. याला अकरा द्यायचा की बारा? ज्यांनी हे कोड बनवले त्यांच्या घरात गरम पाणी भिंतीतल्या नळातून येत असणार. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ते कोणीतरी उचलून नेतं. ते नेणं, ती मधली चार पावलं, कुठल्याच कोडमध्ये बसत नव्हती.

ते कोण नेतं हे मला माहीत होतं. पन्नासातल्या एका कागदावर कोणा इंटर्ननं घाईत एक शब्द जास्त लिहिला होता: 'आईचं दुर्लक्ष.' त्या कागदावर पाणी कशात होतं ते लिहिलेलं नव्हतं. ते कुठे तापवलं, कुठे नेत होते, हेही नाही. कारण मात्र तयार होतं.

*

बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं २००१ मध्ये जाहीर केलं, की आम्ही 'अॅक्सिडेंट' हा शब्द यापुढे छापणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की या शब्दात 'अचानक झालं, कुणाच्या हातात नव्हतं' हे गृहीत धरलेलं असतं, आणि बहुतेक दुखापती तशा नसतात. मला हे वाचून आजी आठवली. आमच्या घरात तरी दोनच स्पष्टीकरणं होती, एक दृष्ट आणि दुसरं आई. एकात कोणाचाच हात नाही, दुसऱ्यात सगळं एकीच्याच माथी. या दोन्हींच्या मधे काही असू शकतं, असं कोणाला वाटलं नाही.

मधे काय असतं ते विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरनं दाखवलं. १९६६ मध्ये अमेरिकेनं रस्तासुरक्षेसाठी सरकारी यंत्रणा उभी केली, तिचा तो पहिला प्रमुख. त्याचं म्हणणं साधं होतं. दुखापत म्हणजे शरीराला पेलणार नाही एवढी ऊर्जा शरीरात शिरणं. मग ती धडकेची असो, विजेची असो की उष्णतेची. त्यानं एक तक्ता केला. आडवे तीन भाग: घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी, घटनेनंतर. उभे तीन: माणूस, ज्यातून ऊर्जा येते ती वस्तू, आणि भोवताल. नऊ चौकोन. प्रत्येक चौकोनाला विचारायचं, इथं काही बदललं असतं तर?

उकळत्या पाण्याचं पातेलं या तक्त्यात घालून बघा. लहान मुलाची कातडी पातळ असते, ते पहिल्या रांगेत. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, ते वस्तूच्या रकान्यात. पातेल्याला कड्या आहेत का, झाकण आहे का. भोवतालात जमीन ओली आहे का, उजेड आहे का, चूल आणि न्हाणी यांत किती अंतर. घटनेनंतरच्या रकान्यात, भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरलं, की टूथपेस्ट फासली. 'आईचं लक्ष' नऊपैकी एका चौकोनात येतं. उरलेले आठ आपण रिकामे सोडतो.

न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडत होती. शहराच्या आरोग्य विभागानं नोंदी लावून बघितलं, कुठली मुलं, कुठल्या वस्त्या, कुठल्या खिडक्या. १९७२ मध्ये त्यांनी 'चिल्ड्रन कान्ट फ्लाय' नावाची मोहीम काढली. मुलांना उडता येत नाही. त्यांनी घरोघरी जाऊन आयांशी बोलणं तर केलंच, पण सोबत खिडक्यांना लावायचे गजही फुकट वाटले. पडणारी मुलं कमी झाली. १९७६ मध्ये शहरानं नियमच केला, की ज्या घरात १० वर्षांपर्यंतचं मूल राहतं, तिथं घरमालकानं खिडकीला गज बसवून दिलेच पाहिजेत. हे शक्य झालं कारण कुठल्यातरी कागदावर 'पडला'च्या पुढे 'खिडकीतून' एवढं लिहिलेलं होतं.

हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "बरोबर. पण 'कोणाचीच चूक नाही' असं ठरवून बसू नकोस."

त्यांनी मला एक जुनी केस सांगितली. तीन वर्षांचं मूल, दोन्ही पाय घोट्याच्या वर सरळ रेषेत भाजलेले, मोजे घातल्यासारखे. सांगितलेलं, "पाणी सांडलं." सांडलेलं पाणी तसं भाजत नाही. त्याचे ओघळ येतात, शिंतोडे उडतात, एक पाय जास्त, एक कमी. दोन्ही पायांवर सारखी रेष येते ती धरून बुडवल्यावर. म्हणून तर भाजलेल्या मुलांची नोंद पोलिसांकडे जाते आणि म्हणूनच घरचे घाबरून गोष्ट बदलतात. जिनं काही केलं नाही तीही बदलते.

"दोन्हीसाठी उत्तर एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "कसं लागलं ते बारीक लिहायचं. खरी गोष्ट बारकाव्यात टिकते."

जुन्या कागदांत ते बारकावे नव्हतेच. म्हणून ठरलं की आराखड्याचे दोन भाग करायचे. पाच वर्षांच्या जुन्या नोंदी आहेत तशा तपासायच्या, त्यातल्या रिकाम्या जागांसकट. 'माहिती नाही' ही ओळ तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरात टाकायची नाही, ती पहिली ओळ असेल. किती मुलांबद्दल आपण विचारलंच नाही, हाही एक निष्कर्षच आहे. आणि दुसरा भाग, पुढचे सहा महिने कॅज्युअल्टीत एक पानी फॉर्म ठेवायचा. दहा प्रश्न. इंटर्नला चार मिनिटांत भरता आला पाहिजे.

फॉर्म कोणावर तरी तपासून बघायला हवा होता. मी रविवारी घरी गेले.

*

"आई, बस जरा. एक फॉर्म भरायचाय."

"कसला गं?"

"माझ्या हाताचा."

ती चहा ठेवायला उठली. या वेळी मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून विचारायला लागले. आवाज मुद्दाम कामाचा ठेवला.

"वेळ? हॉस्पिटलात गेल्याची नाही, भाजल्याची."

"पहाटेचे साडेपाच असतील."

"उजेड?"

"लाइट गेलेली. एकच कंदील होता, तो न्हाणीत ठेवलेला."

"पाणी कशावर तापवलं होतं?"

"परसातल्या चुलीवर. आंघोळीला गॅस वापरायचा नाही असं होतं तेव्हा आपल्याकडं. सिलिंडर पुरवून वापरायचा."

"कशात होतं?"

"पातेल्यात. कड्या नव्हत्या त्याला. दोन फडक्यांनी धरलेलं."

"कुठून कुठे नेत होतीस? अंतर किती?"

तिला आकडा सांगता येईना. मग तिनं गॅस बारीक केला, मागच्या गॅलरीच्या दाराशी गेली आणि तिथून चालायला लागली. दोन्ही हात पुढे, पातेलं धरल्यासारखे, कोपरं अंगाशी घट्ट. स्वयंपाकघर ओलांडून, पॅसेजमधून, बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत. पावलं जपून टाकत होती. जुन्या घरातलं अंतर तिच्या पायांना पाठ होतं.

"पंधरा," ती म्हणाली. "आणि मधे एक पायरी."

मी लिहिलं, १५ पावलं, १ पायरी.

"मूल त्या वेळी काय करत होतं?"

"तू झोपेतून उठून आलीस. बोळात अंधार. मला वाटलं तू बाबांजवळ झोपलीयस. पायाला काहीतरी लागलं, आणि…" ती थांबली. "तू रडलीसुद्धा नाहीस पहिल्यांदा."

"भाजल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय केलं?"

"टूथपेस्ट लावली. आख्खी ट्यूब. आता तू सांगतेस पाणी ओतायचं म्हणून. थंडीचे दिवस, पोर थरथर कापतंय, त्याच्यावर गार पाणी कोण ओतेल?"

"घरात त्या वेळी कोण कोण होतं आणि काय करत होतं?"

"बाबा झोपलेले. काका झोपलेले."

"आजी?"

चहा उतू जायला आला. तिनं तो उतरवला, गाळला, दोन कप भरले.

"न्हाणीत होत्या. वाट बघत. कार्तिकातली एकादशी होती, काकड्याला जायचं होतं त्यांना. दोनदा हाक मारली, पाणी आण म्हणून. म्हणून मी घाई केली."

मी पेन खाली ठेवलं. "हे तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मग त्यांच्यावर आलं असतं. त्यांना माहीतच होतं की. त्या दिवसानंतर त्यांनी गरम पाणी घेतलं का कधी?"

मी आजीला शेवटपर्यंत बघितलेलं आहे. डिसेंबरात, गुडघे दुखत असताना, दात वाजत असताना ती गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतायची. आम्ही भावंडं त्याची नक्कल करायचो. एवढी वर्षं "आईचं लक्ष नव्हतं" म्हणत राहिली, आणि एवढी वर्षं गार पाणी घेत राहिली. त्या दोघींमध्ये यावर कधी एक अक्षर झालं नाही.

आईनं फॉर्म माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"चूक कुणाची ते कुठं लिहायचं?"

"तसा रकाना नाही त्यात."

"राहिला?"

"नाही. मुद्दाम ठेवला नाही."

"मग यातून निघणार काय शेवटी?"

"अंधार. पंधरा पावलं. कड्या नसलेलं पातेलं."

"एवढं कळायला एवढा अभ्यास?" असं म्हणून ती हसली, आणि कप विसळायला वळली. मी आठवीत काय म्हटलं होतं ते तिच्या लक्षात आहे का, हे मी विचारलं नाही. आम्ही दोघी तशाच आहोत. पण त्या दिवशी ती विषय निघाल्यावर उठून गेली नव्हती, एवढं मी माझ्यापुरतं नोंदवून ठेवलंय.

*

सोमवारी मॅडमना आराखडा दाखवला. सगळे तक्ते कोरे होते. विश्लेषणाचं काम असंच सुरू करतात, आकडे हातात येण्याआधी तक्ते आखून ठेवायचे. कोणत्या ओळी, कोणते रकाने, कशाची कशाशी तुलना. आकडे बघून झाल्यावर तक्ते आखले तर आपण आपल्याला आवडलेलीच गोष्ट शोधत बसतो. भाजलेल्या मुलांच्या तक्त्यात मी 'गरम पाणी' ही एक ओळ मोडून तीन केल्या होत्या: जिथं तापवलं तिथंच, नेताना, आणि बादलीत ओतून ठेवल्यावर. कोड पहिल्या दोन ठिकाणी एक्स १२ आणि तिसऱ्या ठिकाणी एक्स ११ द्यायचा, आणि हे असं का ठरवलं ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं. नऊ हा आकडा वापरायचाच झाला तर आधी दोनदा विचारून झालेलं असलं पाहिजे.

मॅडम फॉर्म वाचत होत्या. शेवटी त्या थांबल्या.

"गेल्या वेळी दहा प्रश्न होते. हा अकरावा कुठून आला?"

अकरावा प्रश्न होता: 'त्या वेळी घरात कसली घाई होती का?'

"काल घरी फॉर्म तपासून बघितला, मॅडम."

"याला कोड कसा देणार?"

"अजून ठरवलं नाही. पहिले शंभर फॉर्म तसेच उतरवून घेते, लोक सांगतील त्या शब्दांत. मग गट पडतात का बघते. शाळेची बस, पाण्याची वेळ, कामावर जायची वेळ, सण."

त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. मला वाटलं आता प्रश्न जाणार. त्यांनी 'घरात' या शब्दापुढे 'किंवा आसपास' लिहिलं आणि कागद परत दिला.

"चार मिनिटांत बसतो का बघ," त्या म्हणाल्या. "रात्रपाळीच्या इंटर्नला विचार. आणि उत्तरासाठी दोन ओळी जागा सोड. एका ओळीत पुन्हा 'पडला' एवढंच लिहितील."